महिपतीचा पुढचा दात

तासगावात एक दातांची डॉक्टरीण राहायची, अनघा मगदूम. मिरजेत तिचे गुरू होते, अत्तारसर. आणि सावळजला एक क्लॅरिनेटवाला होता महिपती, त्याची बायको तानूबाई आणि पदरात दोन मुली. या सगळ्यांचं नशीब एका पुढच्या दातापाशी येऊन अडलं होतं. ते सुटलं कसं, ते ऐका.

"सर, याहून घट्ट सिमेंट जगात मिळतं का?"

अनघानं सरांच्या टेबलावर खोकं आपटलं. तिसरं खोकं. पहिली दोन तिच्या दवाखान्यात अर्धी वापरून पडली होती.

अत्तारसरांनी खोक्याकडं पाहिलं नाही. कपातली साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावली.

"चहा घे."

"चहा नको सर. दोनदा निघाली ती कॅप. दोनदा! माझ्या हातची कॅप आजवर कुणाची निघालेली नाही."

"हं…"

सर आता कॉलेजात शिकवत नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकून सकाळी दोन तास बसायचे, तेवढंच. पण अख्ख्या जिल्ह्यात कुणा डॉक्टरला दाताचं कोडं पडलं की त्याची गाडी या दारात उभी राहायची. अनघा मात्र कॉलेज सुटल्यापासून आली नव्हती. तिला गरजच पडली नव्हती.

"दात कुणाचा?" सरांनी विचारलं.

तिनं सांगितलं. महिपती लग्नात क्लॅरिनेट वाजवतो. त्या वाद्याचं तोंड असतं ना, त्यावर वरचे पुढचे दोन दात टेकवावे लागतात, तेव्हा फुंकर बसते. त्यातला एक दात मोडला. मग तिनं तो तासून बारीक खुंट केला आणि वर सिरॅमिकची कॅप चढवली. अशी हुबेहूब, की महिपतीच्या धाकटीलासुद्धा कुठला दात खरा ते ओळखता येईना.

पहिल्यांदा ती कॅप गेल्या हंगामात एका हळदीत निघाली. महिपतीनं जिभेनं गालात सरकवली आणि गाणं कसंबसं तडीला नेलं.

दुसऱ्यांदा हंगामाच्या शेवटी, ऐन वरातीत. नवरदेवाचे मित्र रिंगण धरून नाचत होते, सूर वर चढला आणि कॅप निघून सरळ घशाकडं. महिपती खोकत खाली बसला. बँड थांबला. नवरीचा मामा म्हणाला, "भर रस्त्यात अपशकुन केला!" पाहुण्यांत वादावादी झाली.

"बँडचा मालक दाजीबा त्याला म्हणाला, आता तिसऱ्यांदा जर असं झालं, तर क्लॅरिनेट ठेव आणि डोक्यावर दिवे घे." अनघाचा आवाज जरा खाली आला. "वीस वर्षं वाजवतोय तो, सर. परवा तुळशीचं लग्न. दुसऱ्या दिवसापासून तिथी सुरू."

"आणि तू काय काय केलंस?"

याच प्रश्नाची ती वाट बघत होती. घडाघडा म्हणून दाखवलं. कॅप आतून अॅसिडनं खरखरीत केली, धुतली, वाळवली, वर औषधाचा हात दिला. दातालाही अॅसिड, पाणी, मग चिकट औषध. थुंकीचा थेंब लागू दिला नाही. मग सिमेंट, मग निळा दिवा, चारी बाजूंनी, घड्याळ लावून.

"कुठं चुकलं, सांगा."

"काही नाही चुकलं. छान केलंस."

"मग?"

"महिपती काय म्हणाला?"

"महिपती?" अनघाला हसू आलं. "तो काय म्हणणार सर? त्याचं तोंड माझ्या ताब्यात असतं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

"उद्या घेऊन ये त्याला," सर म्हणाले. "बायकोलाही आण."

"बायको कशाला?"

"…चहा निवला तुझा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आली. महिपती उंच, हडकुळा, तोंडावर रुमाल धरलेला. काखेत क्लॅरिनेटची काळी पेटी. तानूबाई बुटकी आणि बोलकी. दारातच म्हणाली, "डाक्टर, ह्यांचा दात बसवा बाबा एकदाचा. गप्प बसून बसून माणूस घुम्या झालाय. घरात मी एकटीनं किती बोलायचं?"

"तू दोघांचंबी बोलतीस की," महिपती रुमालाआडून म्हणाला.

सर हसले. त्याला खुर्चीवर न बसवता त्यांनी बाकावर आपल्या शेजारी बसवलं.

अनघानं तोवर तयारी मांडली. कॅप घासून पुसून नवीसारखी केलेली. नवं खोकं उघडलेलं. तिचा एक डोळा घड्याळावर. तासगावला तिचे पेशंट ताटकळत होते.

"वाजव," सर महिपतीला म्हणाले.

"दाताबिगर?"

"जेवढं वाजेल तेवढं."

महिपतीनं क्लॅरिनेट जोडलं. फुंकलं. सूर निघाला, पण कडेनं हवा सुटायची आणि मधेच सूर लंगडा पडायचा. चार ओळी वाजवून त्यानं मान खाली घातली. तानूबाईनं भिंतीकडं बघितलं.

"या," सर म्हणाले.

महिपती खुर्चीत बसला, आ केला. अनघा दिवा ओढून पुढं झाली. पण तिच्या आधी सर वाकले. आरसा नाही, अवजार नाही. म्हाताऱ्यानं त्याच्या उघड्या तोंडाशी नाक नेलं आणि हळूच श्वास ओढला, चुलीवरची आमटी बघावी तसा.

मग बाजूला झाले.

"आता तू."

अनघाच्या तोंडावर मास्क होता. सकाळपासून रात्रीपर्यंत तो तिथंच असायचा. तिनं तो हनुवटीखाली ओढला आणि वाकली.

लवंग.

गोड, उग्र, दणदणीत लवंग.

"हा वास कसला?" तिनं विचारलं.

महिपतीनं तोंड मिटलं. उत्तर तानूबाईनं दिलं, आणि चांगलं अभिमानानं दिलं.

"लवंगेचं तेल हो! मीच लावते. कॅप निघाली की तो खुंट असा ठणकतो, की ह्यांना पाणीबी जात न्हाई. मग कापसाचा बोळा करून लावते, रोज. आणि तुमच्याकडं यायच्या दिवशी तर सकाळी दोनदा. म्हटलं बाईंचा हात लागणार, कळ यायला नको."

"दोनदा?"

"पयल्या खेपेपासून! ती पलास्टिकची आधी बसवली हुती न्हाई का तुम्ही, तात्पुरती? ती हलायची. ती काढून लावत हुते."

अनघाच्या कानशिलात गरम झालं. लवंगेच्या तेलाचा अंश जरी राहिला तरी ते सिमेंट नीट घट्ट होत नाही, आतल्या आत मऊ राहतं. परीक्षेत तिनं हे लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आणि अशा दातावर तिनं दोनदा, घड्याळ लावून, निळा उजेड पाडला होता.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?" ती तडकून म्हणाली.

"तुम्ही इचारलं कुठं?"

"विचारायला कशाला पाहिजे? यांनी सांगायचं!"

"ह्यांनी?" तानूबाईनं कमरेवर हात ठेवले. "ह्यांनी दोन्ही खेपेला सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, बोलू नका, थुंकी उडते."

महिपती खुर्चीतनं हळूच म्हणाला, "तसं म्हणाल्या खऱ्या."

अनघानं सरांकडं पाहिलं. ते खिडकीतनं बाहेर बघत होते, जणू त्यांच्या कानावर काही पडलंच नव्हतं.

"ठीक आहे," तिनं बाही सारली. "कळलं ना आता. पूड लावून दात घासून काढते, स्पिरिटनं पुसते. अर्ध्या तासात बसवू."

सरांनी टेबलावरची कॅप उचलून डबीत ठेवली. झाकण लावलं. डबी तानूबाईच्या हातात दिली.

"सर?"

"तेल आत मुरलंय. दहा दिवस लवंग बंद. मग बसव."

"दहा दिवस!" महिपती उठूनच बसला. "साहेब, परवा लगीन हाय. दाजीबा मला…"

"सर, घासलं तर बसेल की," अनघा म्हणाली.

"बसेल."

"मग?"

"पडेलही… तुला किती पडलेल्या बघायच्यात?"

महिपती रुमालाची घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता.

"दाजीबाला कुणीतरी सांगायला हवं," ती म्हणाली. "मी फोन करते."

"तासगावात राहतो ना तो?"

"हो."

"चालत किती लांब तुझ्यापासून?"

"पाच मिनिटं."

सरांनी दारातल्या तिच्या चपलांकडं पाहिलं. तिला बरोबर कळलं.

*

दाजीबाच्या आवारात बँडची सगळी पोरं जमली होती. कुणी ढोलाची वादी ताणत होतं, कुणी लाल कोटांना इस्त्री करत होतं. डॉक्टरीणबाई आत आलेल्या बघून गलका थांबला. मागं महिपती.

दाजीबा पाटावर बसून ट्रम्पेट पुसत होता. मिशा पांढऱ्या, आवाज ढोलासारखा.

"या बाई. बसला का दात?"

"नाही बसला. दहा दिवस बसणार नाही."

"का?"

येताना रस्त्यात तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यात तेल होतं, तानूबाई होती, खेड्यातली माणसं कशी मनानंच औषधं करतात तेही होतं. ते वाक्य तिच्या ओठापर्यंत आलं. समोर पंधरा माणसं. सांजेपर्यंत ही गोष्ट गावभर होणार.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. यांची नाही."

दाजीबाचा फडका थांबला.

"चूक? तुमची? अहो, तुमच्या भिंतीवर एवढी सर्टिफिकिटं टांगलीत!"

"असू देत. विचारायला पाहिजे होतं ते मी विचारलं नाही."

"मग दहा दिवस क्लॅरिनेट काय तुम्ही वाजवणार?"

पोरं खदखदून हसली. अनघाच्या तोंडावर रंग चढला. पण ती तिथून हलली नाही.

"मी वाजवलं तर नवरा पळून जाईल," ती म्हणाली.

आता दाजीबाही हसला. मिशी पुसली. महिपतीकडं बघितलं, मग परत बाईकडं.

"बरं. दहा दिवस. पर बसून खायला मी धर्मशाळा काढली न्हाई. तोवर दिवे घे, महिपती. अकराव्या दिवशी कवठ्याच्या पाटलांचं लगीन हाय. त्यात वाजवायचं. त्यात जर निघाली…"

"कळलं मालक," महिपती म्हणाला.

वीस वर्षं पुढं चालून सूर देणारा माणूस. तिथी सुरू झाल्या त्या संध्याकाळी वरात अनघाच्या दवाखान्यावरून गेली, तेव्हा तो कडेच्या रांगेत होता. डोक्यावर नळ्यांचा दिवा, त्याची वायर मागच्या गाडीला. त्याच्या जागी एक नवखा क्लॅरिनेट किंचाळवत होता. महिपतीची बोटं मात्र दिव्याच्या दांडीवर आपोआप चालत होती.

अनघानं खिडकी बंद केली नाही. वरात वळेपर्यंत उभी राहिली.

*

पाचव्या दिवशी तानूबाईचा फोन.

"बाई, लई ठणकतंय. दुपारपासनं भाकरीबी शिवली न्हाई. एक थेंब लावू का? नुसता एक."

"नाही! लावू नका. मी येते."

सावळजच्या त्या घरात अनघा पहिल्यांदाच गेली. दोन्ही मुली भिंतीला टेकून वह्या घेऊन बसलेल्या, पण लक्ष सगळं बापाकडं. महिपती गाल धरून बसला होता. चुलीपाशी लवंगेच्या तेलाची बाटली, बूच उघडलेलं.

अनघाचा हात सवयीनं त्याच्या हनुवटीकडं गेला. मग तिनं तो मागं घेतला. चटईवर बसली.

"सांगा."

"काय सांगू?"

"काय होतंय ते. पहिल्यापासून."

महिपतीनं बायकोकडं बघितलं, बोलू का म्हणून. मग बोलायला लागला. या दहा दिवसांपुरती तुम्ही नवी तात्पुरती कॅप बसवलीय, ती वाजवायला टिकायची न्हाई ते सोडा, पण दात मिटले की आधी तीच लागते. त्याच्यानं दुखतंय. आणि बाई, राग नसावा, तुम्ही ती चांगली कॅप बसवली तेव्हाबी तसंच व्हायचं, पण जेवताना न्हाई. वाजवताना. क्लॅरिनेटवाला कधी सरळ चावत न्हाई. जबडा जरा पुढं काढतो, असा. त्यानं काठी घेऊन दाखवलं. मग सगळा भार त्या दाताच्या मागच्या कडेला येतो…

तो अर्धा तास बोलला. वाजपावर, वस्तादावर, थंडीत सूर कसा उतरतो त्यावर. अनघा ऐकत राहिली. थोरली मुलगी वही विसरून बघायला लागली. घरात बाबांना एवढं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी अनघानं पिशवीतनं बारीक कानस काढली, तात्पुरती कॅप दोन वेळा घासली.

"आता?"

महिपतीनं दात मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

"गेलं की."

तानूबाईनं बाटलीला बूच लावलं. वर फळीवर ठेवली, पार मागं, डब्यांच्या आड.

"पाच दिवसांनी क्लॅरिनेट घेऊन या," अनघा जाताना म्हणाली. "आणि दोघंही या."

*

दहाव्या दिवशी अत्तारसर स्वतः तासगावला आले. अनघानं त्यांना आतली खुर्ची पुढं केली, तर म्हणाले, "मी बाहेर बसतो. तानूबाईशी गप्पा मारतो."

आत अनघानं आधी मास्क खाली करून वास घेतला. काही नाही. नुसतं माणसाचं तोंड. तरी पूड लावून खुंट घासला, धुतला. कॅप नुसतीच चढवून महिपतीला क्लॅरिनेट तोंडात धरायला लावलं, जबडा पुढं काढून. कुठं टेकतंय ते बघितलं. तिथं केसभर घासलं, मग तिथलीच जागा घासून घासून आरशासारखी केली. कॅप पुन्हा आतून साफ केली. बाकीचं नेहमीचंच. अॅसिड, पाणी, औषध, सिमेंट. त्यात नवं काही नव्हतं.

निळा दिवा लावायच्या आधी ती थांबली.

"काही सांगायचंय?"

महिपतीच्या तोंडात कापूस. त्यानं मान हलवली. नाही.

मग तिनं उजेड पाडला.

*

कवठ्याच्या पाटलांच्या लग्नात अनघा गेली, सरांना घेऊन. रस्त्याच्या कडेला दोघं उभी. वरात लांबून येत होती. सर काठीवर दोन्ही हात ठेवून स्तब्ध.

महिपती पुढं होता. लाल कोट, मान किंचित तिरपी, जबडा पुढं. पोरांनी रिंगण धरलं. दाजीबा कडेला चालत होता, नजर महिपतीच्या तोंडावर रोखलेली. पलीकडं गर्दीत तानूबाई, दोन्ही मुलींचे हात घट्ट धरून.

सूर चढायला लागला. मागच्या वेळी निघाली होती ती जागा आली. अनघानं श्वास धरला.

सूर त्या जागेवरून वर गेला. अजून वर गेला, तिथं जाऊन थरथरला, गिरकी घेतली आणि हसत खाली उतरला. रिंगणातली पोरं वेडी झाली. कुणीतरी ओरडलं, "पुन्यांदा!" महिपतीनं पुन्यांदा तेच वाजवलं. आणि तिसऱ्यांदा.

त्या हंगामात एकही तिथी त्याची चुकली नाही. अक्षय्यतृतीयेला दाजीबानं सगळ्या बँडसमोर त्याला मास्तर केलं आणि म्हणाला, "माझे गुडघे आता चालत न्हाईत. महिपती, इथनं पुढं बँड तू ने." सावळजच्या घराला आणखी एक खोली झाली. थोरलीनं बापाकडं हट्ट धरून क्लॅरिनेट शिकायला घेतलं, आणि बापानं शिकवायला सुरुवात केली. आता तो घरात बोलतो, तानूबाईला मधे तोंड घालायला जागा राहत नाही, अशी तिची तक्रार असते. सुखाचीच.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी कवठ्याला वरात त्यांच्यासमोरून पुढं गेली, सूर हळूहळू लांब गेला, तरी सर डोळे मिटून उभेच होते. अनघाला राहवेना.

"सर, ऐकलीत ना? माझी कॅप?"

सरांनी डोळे उघडले. जरा वेळ आठवल्यासारखं केलं.

"कॅप?… मला तर फक्त महिपती ऐकू आला."